व्याजाला कायद्याचा लगाम: स्मिथ बरोबर की बेंथम?

इंग्लंडमध्ये १७१४ पासून दरसाल शेकडा पाचपेक्षा जास्त व्याज घेण्यास बंदी होती. ती मोडल्याचे सिद्ध झाले, तर दिलेल्या रकमेच्या तिप्पट दंड. मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता ॲडम स्मिथ या बंधनाच्या बाजूने होता, हे वाचून पुष्कळांना नवल वाटते.

पण १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथातले त्याचे म्हणणे नीट वाचले पाहिजे. व्याजावर सरसकट बंदी त्याला मान्य नव्हती. बंदी घातली की कायदा मोडण्याच्या जोखमीची किंमतही ऋणकोच्याच माथी बसते, असे तो सांगतो. मर्यादा बाजारभावाच्या किंचित वर असावी, एवढेच त्याला हवे होते. तेव्हा सरकारला तीन टक्क्यांनी आणि चांगले तारण देणाऱ्याला चार ते साडेचार टक्क्यांनी पैसा मिळे, म्हणून पाच ठीक. आठ-दहा केली, तर एवढे व्याज कबूल करणार कोण? उधळे लोक आणि हवेत इमले बांधणारे. सावध व्यापारी मागे हटेल आणि देशाचे भांडवल नको त्या हाती जाईल.

इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने १७८७ मध्ये रशियन साम्राज्यातल्या क्रिचेव्हहून पत्ररूपात याला उत्तर दिले. त्यातले शेवटचे पत्र थेट स्मिथला उद्देशून आहे. त्याचा मुद्दा असा की आज रुळलेला प्रत्येक धंदा कधीतरी कोणाचे तरी धाडसच होता. कायद्याला शहाणे धाडस आणि वेडे धाडस यांतला फरक कळत नाही. तो दोघांनाही अडवतो.

हे आकड्यांत मांडून पाहू. सुरक्षित कर्जावर चार टक्के सुटतात. ज्याचे कर्ज पूर्ण बुडण्याची शक्यता वीसात एक आहे, त्याच्याकडून तेवढीच सरासरी प्राप्ती हवी असेल तर १.०४ ला ०.९५ ने भागा: सुमारे साडेनऊ टक्के व्याज घ्यावे लागेल. मर्यादा पाच असेल, तर शंभरात एकाहून थोडी कमी जोखीम असलेलाच ऋणको बसतो. नवा कारखाना काढणारा त्यात कुठला बसायला!

आणि मर्यादा जागेवर राहून बाजार वर गेला, तर तारणवालाही अडकतो. फ्रान्सशी युद्ध चालू असताना, १७९७ मध्ये, वर्षाला तीन पौंड देणारा शंभराचा सरकारी रोखा पन्नासच्या खाली आला. तो घेणाऱ्याला सहा टक्क्यांहून जास्त सुटत होते, तेही कायदेशीर, कारण रोख्याची खरेदी म्हणजे या कायद्यातले कर्ज नव्हे. मग जमीनदाराला पाच टक्क्यांनी कोण देणार? तो हयातभराचे वर्षासन विकू लागला: आज एकरकमी पैसे घ्यायचे आणि मरेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची. मृत्यूनंतर मुद्दल परत मिळत नसल्याने कायदा याला कर्ज मानत नसे. धनको ऋणकोच्या आयुष्याचा विमा उतरवी आणि हप्त्याचा भार त्याच्यावरच टाकी. एकूण खर्च दहा टक्क्यांच्याही वर जाई.

१८१८ मध्ये संसदेच्या समितीपुढे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनेही या कायद्याविरुद्ध साक्ष दिली. १८५४ मध्ये तो रद्द झाला.

माझ्या मते उपाय बेंथमचा बरोबर, पण दुखणे स्मिथने नेमके ओळखले होते. दर चढला की चांगले ऋणको आधी निघून जातात, हे स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये गणिताने दाखवले. मात्र त्यामुळेच धनको स्वतःच एका दराच्या पुढे जात नाही, असे त्यांच्या मांडणीत निघते. अर्थात त्यासाठी धनकोला मुद्दल परत येण्याची काळजी हवी. जमीन हडपण्यावरच डोळा असेल, तर हा हिशेब लागू पडत नाही.

भारतातली व्याजमर्यादा १८५५ मध्ये उठली. वीस वर्षांनी पुणे जिल्ह्यात सुपे येथे दंगा पेटला आणि शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. मुंबई इलाख्यात दामदुपटीचा जुना नियम होताच: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हा लगाम दराला नव्हे, एकूण रकमेला. पण थकलेले व्याज मुद्दलात धरून नवे खत लिहून घेतले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खतामागे जाऊन, पहिल्या व्यवहारापासून मुद्दल आणि व्याज वेगळे मांडून हिशेब तपासायला लावले.