वॅडकटर गोळी

रिव्हॉल्व्हर व पिस्तुलाच्या नेमबाजीतील सपाट तोंडाची, जवळजवळ दंडगोलाकार शिशाची गोळी. गोल नाकाची गोळी लक्ष्याचा कागद फाडत जाते व भोकाची कड दातेरी राहते. वॅडकटर गोळीच्या पूर्ण व्यासाचे स्वच्छ भोक पाडते. त्यामुळे वर्तुळाच्या रेषेला चाटून गेलेल्या नेमाचे गुण वादाविना ठरतात. वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची धातूची कवचे) पुन्हा भरणारे नेमबाज 25 मीटरसाठी बहुधा हिचीच निवड करतात.

उगम : आरंभ साधारणतः 1900 च्या सुमाराचा मानतात व अमेरिकी नेमबाज हिमेलराइट यांच्याकडे श्रेय देतात. सेमी-वॅडकटर, म्हणजे पुढे आखूड निमुळते नाक व त्यामागे धारदार खांदा असलेली गोळी, हा अमेरिकी नेमबाज व लेखक एल्मर कीथ यांचा शोध असल्याचे अनेक लेखक लिहितात. त्यांचा .44 स्पेशल या रिव्हॉल्व्हर काडतुसासाठीचा, लायमन कंपनीचा 429421 क्रमांकाचा गोळी ओतण्याचा साचा 1920 च्या दशकाच्या अखेरचा आहे. मात्र खांद्याच्या गोळ्यांचे साचे त्याआधीही विकले जात होते. म्हणून कीथ यांना आद्य कर्ते म्हणण्यापेक्षा प्रमाण रूप देणारे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रकार व निवड : .38 स्पेशलमध्ये 148 ग्रेनची (सु. 9.6 ग्रॅम) गोळी रूढ आहे. पोकळ बुडाच्या प्रकारात बुडाची पातळ कड वायूच्या दाबाने फुलून नळीला घट्ट बसते. ती मऊ शिशाची, दाबून घडवलेली असते. हलक्या भरणीत तिची अचूकता उत्तम. पण दाब वाढला तर कड तुटून कड्यासारखी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फुगवतो. थोडी जोरकस भरणी करायची असल्यास भरीव बुडाची दुतोंडी वॅडकटर घ्यावी. तिची दोन्ही टोके सारखी असल्याने ती कोणत्याही बाजूने बसवता येते.

कठीण मिश्रधातू नेहमीच चांगला, हा समज चुकीचा आहे. शुद्ध शिशाचा ब्रिनेल कठिणांक (धातूच्या कठीणपणाचे माप) सु. 5, तर 90 टक्के शिसे, 5 टक्के कथील व 5 टक्के अँटिमनी या मिश्रधातूचा सु. 15 असतो. कमी दाबाला कठीण गोळी फुलत नाही, वायू कडेने निसटतो आणि नळीत शिशाचा थर बसतो. म्हणून कठिणांकाआधी व्यास पाहावा : .38 साठी ओतीव गोळी बहुधा 9.09 मिमी. ठेवतात, पण रिव्हॉल्व्हरच्या चक्रातील कोठ्यांची तोंडे त्याहून अरुंद असतील तर गोळी तेथेच आकसते.

भरणी : पूर्ण वॅडकटर पुंगळीच्या तोंडाशी समतल बसवतात. बूड खोल जाते, आणि पुंगळीची भिंत तळाकडे जाड होत असल्याने मऊ बूड आवळले जाते. अचूकता बिघडण्याचे हे नेहमीचे कारण. म्हणून भिंत खोलवर पातळ असलेल्या पुंगळ्या निवडून वेगळ्या ठेवतात. पुंगळीचे तोंड किंचित फाकवले नाही तर गोळी बसताना शिशाची साल निघते. दारू जलद जळणारी व प्रमाणाने इतकी थोडी असते की पुंगळीत दुप्पट दारूही सहज मावते; गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड धरून पाहावे. प्रमाण दारू-उत्पादकाच्या कोष्टकावरूनच, त्याच जातीच्या गोळीसाठी घ्यावे.

मर्यादा : गोळीचा वेग सु. 210 ते 230 मी./से. असतो, 50 मीटरपुढे ती डळमळू लागते. समतल बसवलेले काडतूस बहुतेक स्वयंभरण पिस्तुलांत सरकत नाही. स्मिथ अँड वेसनचे मॉडेल 52 हा खास वॅडकटरसाठीचा अपवाद.

आंतरराष्ट्रीय 25 मी. सेंटर-फायर (पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी पडणारी काडतुसे वापरण्याच्या) स्पर्धेत 7.62 ते 9.65 मिमी. व्यास चालतो आणि गोळी शिशाची वा तत्सम मऊ पदार्थाची लागते, तेथे .32 एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसाची वॅडकटर प्रचलित आहे. याच प्रकारात भारतीय नेमबाज जसपाल राणा यांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 590 गुणांनी तत्कालीन विश्वविक्रमाची बरोबरी केली. भारतात काडतुसे बनवण्यास शस्त्र अधिनियम, 1959 अन्वये परवाना लागतो.