क्वांटम संगणकामुळे रोबोटला भावना येतात का?

‘रोबोटमध्ये क्वांटम संगणक बसवला की त्याला माणसासारख्या भावना येतात’ हा मेसेज सोलापुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. तो खरा नाही.

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वात लहान घटक. तो ० आणि १ यांच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, पण मोजला की ० किंवा १ एवढंच हाती येतं. मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासारखी काही गणितं या पद्धतीने फार लवकर सुटू शकतात. मात्र तेच उत्तर साधा संगणकही तत्त्वतः काढू शकतो, भले युगं लागोत. म्हणजे फरक वेगाचा आहे, आणि वेगातून जाणीव येते याला काही आधार नाही. आपल्याकडच्या जॅकार्ड मागावर पंचकार्डांच्या हुकमाने मोर उमटतो. मागाला मोर आवडलेला नसतो. ‘दुःखी’ रोबोटही समोरचा चेहरा ओळखून शिकवलेला प्रतिसाद देतो.

शिवाय अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) पदार्थांचे क्युबिट उणे २७३ अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ ठेवावे लागतात. ती शीतयंत्रणा रोबोटच्या डोक्यात मावत नाही.

मोजल्यावर क्युबिटमधून फक्त ० किंवा १ येतो, याची पडताळणी घरीच होते. लॅपटॉपवर मोफत क्वांटम सिम्युलेटर (क्वांटम संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) उघडा, ० अवस्थेतल्या एका क्युबिटवर हॅडामार्ड गेट (० आणि १ यांचं समसमान मिश्रण करणारी क्रिया) लावा आणि मोजा; हे सगळं पहिल्यापासून हजारदा करा. साधारण निम्म्या वेळा ०, निम्म्या वेळा १ येईल. कॉलेजात शिकणारी भाची-पुतणी असेल तर तिला सोबत बसवा.