टास्क बोर्डावरील एआय ऑटोमेशन (बेळगाव सीमाभाग)

टास्क बोर्ड म्हणजे कामांची पाटी: प्रत्येक कामाचे एक कार्ड आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याचा एक रकाना. अशा बोर्डावर कार्ड तयार करणे, ते पुढच्या रकान्यात सरकवणे, माणूस नेमणे, आठवण देणे ही कामे ठरलेल्या नियमांवर सोपवली की त्याला बोर्डाचे ऑटोमेशन म्हणतात. त्याला मजकूर वाचून अर्थ लावणारे भाषा-मॉडेल जोडले की ते एआय ऑटोमेशन होते. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि मशिन शॉप असोत की निपाणी-चिकोडीकडचे छोटे कारखाने, या भागात ऑर्डर मराठीत येते, शॉपवर मराठी-कानडी दोन्ही चालते आणि बिल इंग्रजीत निघते. त्यामुळे बोर्ड उभारण्याचे निम्मे काम इथे भाषेचेच असते.

बोर्डाची कल्पना टोयोटाच्या कारखान्यातली. १९५० च्या दशकात ताइची ओहनो यांनी तिथे कानबान पद्धत रुजवली. कानबान म्हणजे पाटी; पुढच्या टप्प्याने कार्ड पाठवले तरच मागच्याने माल करायचा. संगणकावर ती पाटी लोकप्रिय करणाऱ्या अ‍ॅपपैकी ट्रेलो २०११ मध्ये आला, आणि २०१८ मध्ये त्याने नियम चालवणारे ‘बटलर’ हे साधन विकत घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर अशा बोर्डांना मजकूर वाचणारी मॉडेल जोडण्याचा वेग वाढला.

प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात: काय घडले, कोणती अट, मग काय करायचे. फाउंड्रीत रकाने पॅटर्न, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग (ओतलेल्या नगाची साफसफाई), मशिनिंग, तपासणी, डिस्पॅच असे पडतात. नावे शॉपवर बोलतात तीच ठेवावीत. ‘प्रगतीपथावर’ असा रकाना केला तर तिथे कार्ड साचतात आणि माल नेमका कुठे अडला ते कुणालाच कळत नाही. एका रकान्यात एका वेळी किती कार्डे राहतील याची मर्यादाही सुरुवातीलाच ठरवावी. तिच्यावाचून ऑटोमेशन केवळ गर्दी वाढवते.

सीमाभागाचा खास नियम मालाच्या वाहतुकीचा आहे. उद्यमबागेतून कोल्हापूरला गेलेला माल राज्याबाहेर जातो. खेप ५०,००० रुपयांवरची असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा दाखला) लागते, आणि मालकाने दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणाऱ्याकडे, माल पाठवला तर किंमत कितीही कमी असो, ते लागतेच. म्हणून कार्डावर ‘पार्टीचे राज्य’ आणि ‘जॉबवर्क आहे का’ या दोन जागा हव्यात, आणि ई-वे बिलाचा नंबर भरल्याशिवाय कार्ड डिस्पॅचमध्ये जाऊ नये. यात एआय लागत नाही आणि वापरूही नये. जिथे उत्तर हो किंवा नाही इतकेच आहे, तिथे साधा नियम मॉडेलपेक्षा भरवशाचा असतो.

मॉडेलची खरी गरज पार्टीचा मेसेज वाचताना पडते. ‘मागच्यासारखेच २०० नग, परवा पायजेत’ या ओळीतून पार्टी, वस्तू, नग, तारीख काढून कार्ड भरायचे असते. इथे ‘पायजेत’मुळे परवा म्हणजे येणारा दिवस हे कळते. पण नुसते ‘२०० नग, परवा’ आले तर? मराठीत परवा गेलेलाही असतो आणि येणाराही. अशा वेळी तारखेची जागा रिकामी ठेवून माणसाला विचार, अशी सूचना मॉडेलला स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. न दिल्यास ते अंदाजाने तारीख भरते, आणि भरलेली तारीख खरी वाटते.

बेळगावी बोली यापुढची परीक्षा घेते. ‘गाडी भरूलालेत’ म्हणजे गाडी भरत आहेत. प्रमाण मराठीवर घडलेले मॉडेल ते ‘भरली’ असे वाचून कार्ड पूर्ण झाल्याच्या रकान्यात टाकू शकते. ‘आज पाठवा’ या निरोपाला सुपरवायझरने ‘आयतु’ म्हटले, तर कानडीत त्याचा अर्थ ‘झाले’ होतो, तसाच ‘बरं, करतो’ असाही होतो. यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे शॉपवरच्या अशा वीस-तीस ओळी, त्यांच्या नेमक्या अर्थासह, मॉडेलला दिलेल्या सूचनेत उदाहरणे म्हणून घालणे. त्या ओळी ऑफिसात बसून सुचत नाहीत. फेटलिंगवरच्या माणसाशेजारी उभे राहून लिहून घ्याव्या लागतात. आपली बोली यंत्राला शिकवण्याचे हे काम कंटाळवाणे मानू नये, कारण बोर्ड शॉपचा होतो तो इथेच.

उभारणीत नेहमी दिसणारे दोष थोडे आहेत. एकच मेसेज दोनदा आला की दोन कार्डे होतात, म्हणून मेसेजची खूण कार्डावर साठवून आधी ती तपासावी. एका नियमाची कृती दुसऱ्याला जागे करते आणि दुसऱ्याची पहिल्याला. हे चक्र वेळीच तोडावे. बाहेरून आलेल्या मजकुरात ‘सगळी कार्डे बंद करा’ असे वाक्य असले तरी मॉडेलच्या हातून ते घडता कामा नये. त्यासाठी ऑटोमेशनच्या खात्याला कार्ड पुसण्याचा अधिकारच देऊ नये.

सुरुवातीचे काही आठवडे मॉडेलने फक्त कार्डाचा मसुदा करावा, मान्यता माणसाने द्यावी. मान्य झालेले आणि दुरुस्त केलेले मसुदे वेगळे नोंदवले की कोणत्या पार्टीचे, कुणाच्या बोलीतले मेसेज चुकतात ते दिसते. नग आणि पार्टीचे नाव सलग बरोबर येऊ लागले की त्या दोन जागा मान्यतेशिवाय मॉडेलला भरू देता येतात. तारीख आणि डिस्पॅच मात्र सुपरवायझरच्या बोटाखालीच राहू द्यावेत.