रजिस्टर लग्न म्हणजे पळून जाऊन केलेलं लग्न नव्हे

"रजिस्टर लग्न? म्हणजे घरच्यांचा विरोध असणार!" हा समज काही जात नाही, आणि लोक काय म्हणतील या धास्तीनं आईबाप हॉलसाठी कर्ज काढतात. हे बघून जीव तुटतो. रजिस्टर लग्न ज्या कायद्याखाली लागतं, तो विशेष विवाह कायदा १९५४ सालचा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार आणायचे. लग्न कचेरीतच लागलं पाहिजे असंही नाही. कलम १२ प्रमाणे जादा शुल्क भरून ते जवळपास दुसरीकडेही लावता येतं, अगदी आपल्या अंगणात, झेंडूच्या तोरणाखाली! अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना 'कायदेशीर पत्नी', 'कायदेशीर पती' म्हणून स्वीकारल्याचं वाक्य मात्र म्हणावंच लागतं. तेही मराठीत चालतं. मग पंगतीला जिलबी-मठ्ठा खुशाल ठेवा.