नकार कुणाचा, यादीचा की चिपचा?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या मुलुंडच्या इमारतीतून बरेच संगणक भंगारात निघाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल संपली, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांना दारातच उभं करत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका लॅपटॉप काखेत मारून आले. "अगं, हा म्हणतो मी विंडोज ११ ला लायक नाही. भंगारवाला तीनशे देतोय. देऊ?"

"काका, थांबा जरा."

लॅपटॉप २०१६ चा, त्यात इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर. तसा ठणठणीत. विंडोज ११ चा इन्स्टॉलर सुरुवातीलाच काही गोष्टी तपासतो: टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही-शिक्क्याचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, आणि प्रोसेसरचं नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे का. टीपीएमची वेगळी चिप काकांच्या लॅपटॉपात नव्हती, पण इंटेल तेच काम फर्मवेअरमधून, म्हणजे यंत्रातच बसवून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून, करून घेतं. त्याला पीटीटी म्हणतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ते नुसतं बंद होतं. चालू केलं, एक नकार मिटला.

उरली यादी. ती साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. कारण अगदीच पोकळ नाही. विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचा पहारा आहे: मेमरीच्या कुठल्या पानावरचा कोड विंडोजच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, चालवता येईल हे तो ठरवतो. नव्या प्रोसेसरात त्यासाठी सर्किटच बसवलेलं असतं. जुन्यात तेच सॉफ्टवेअरने निभवावं लागतं आणि वेग कमी होतो. पण हे सर्किट इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे. तरी सातवी पिढी जवळजवळ सगळी बाहेर. आत घेतलेल्या मोजक्या चिपांपैकी एक आय७-७८२०एचक्यू, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होती. योगायोग म्हणायचा!

मुद्दा असा की ही तपासणी इन्स्टॉलर करतो, गाभा नाही. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन वहीत नाव नाही म्हणून अडवतो. एकदा आत गेलेल्याला लिफ्ट काही विचारत नाही. रूफस नावाच्या फुकट प्रोग्रामने विंडोजचा पेन ड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळायची खूण करता येते. तशी केली आणि तासाभरात विंडोज ११ चालू. मात्र यातली मेख काकांना आधीच सांगितली होती: अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. बँकेचे व्यवहार करणाऱ्याने हे डोक्यात ठेवायला हवं. लॅमिंग्टन रोडवरून (पाटीवर भडकमकर मार्ग, टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा) एक एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपांची डिस्क, आणून जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी बसवली. फिरत्या डिस्कचं डोकं योग्य जागी पोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतकेच. म्हातारा वाटणारा लॅपटॉप बहुतेक वेळा या फिरत्या डिस्कपायीच म्हातारा असतो.

काका इतके खूश झाले की माळ्यावरून २००८ चा डेस्कटॉप उतरवून आणला. प्रोसेसर कोअर २ ड्युओ. "आता यावर पण टाक."

तोच पेन ड्राइव्ह लावला. काळा पडदा, रीस्टार्ट. पुन्हा काळा पडदा, रीस्टार्ट. वॉचमन तर कधीच हटवला होता. इथे प्रोसेसरच अडला होता.

प्रोसेसरला ठरावीक आदेशच कळतात. पॉपकाउंट हा त्यातला एक: एखाद्या संख्येत एकचे बिट किती ते मोजणारा. १३ संगणक ११०१ असा लिहितो, म्हणजे उत्तर ३. कोअर २ ड्युओलाही हे मोजता येतं, पण एकेक बिट तपासत, अनेक आदेश खर्चून. एका आदेशात ते करायची सोय इंटेलने २००८ च्या अखेरीस आलेल्या नेहालेम पिढीपासून दिली. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीचा गाभा हा आदेश आहेच असं धरून चालतो. एरवी एखाद्या अ‍ॅपने अनोळखी आदेश दिला, तर प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमकडे तक्रार करतो आणि ती त्या अ‍ॅपला बंद करते. इथे अनोळखी आदेश खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच देत होती. तक्रार करायची कुणाकडे? कुठलीही खूण, कुठलीही क्लृप्ती इथे चालत नाही. सिलिकॉनमध्ये जे कोरलेलं नाही ते नाहीच.

विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम (तिचे बरेच प्रकार आहेत) टाकली की सगळं चालतं, असं ऐकायला मिळतं. तेही सरसकट खरं नाही. २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ लाही पॉपकाउंट लागतो, म्हणजे हा डेस्कटॉप तिथेही नापास. लिनक्स मिंटला मात्र साधा ६४ बिटांचा प्रोसेसर पुरतो, आणि कोअर २ ड्युओ तेवढा आहे. मिंट पहिल्या फटक्यात चढलं.

फक्त काकांच्या जुन्या वायफाय डोंगलला मिंटने ओळख दाखवली नाही. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगल चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, मी अजून शोधतेय. तोवर काकांचा फोन यूएसबी केबलने जोडून नेट चालवलंय. फोन वाजला की काका केबल उपटून गॅलरीत बोलायला जातात, आणि आतून काकूंचा आवाज येतो, "अहो, नेट गेलं!"