नाशिकमध्ये छतावर सोलर: पीएम सूर्यघर योजनेचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

छतावर सोलर बसवायचं ठरलं की बहुतेक जण आधी कोटेशन मागवतात. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या अनुदान योजनेचा अर्ज मात्र अडतो तो वीजबिलावर. म्हणून पोर्टल उघडण्याआधी महावितरणचं ताजं बिल हातात घ्या आणि त्यावरचं नाव नीट वाचा. ते नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव एकाच माणसाचं हवं. नाशिकमध्ये हे वाटतं तितकं सोपं नाही. सिडकोच्या योजनांमधली कितीतरी घरं मूळ मालकाकडून दुसऱ्याने, त्याच्याकडून तिसऱ्याने घेतलेली. घरपट्टी नव्या नावावर चढली, मीटर जुन्याच नावावर राहिलं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत तर वारलेल्या आजोबांच्या नावाने अजून बिल येतं आणि नातवंडं ते मुकाट भरतात. बिल भरलं जातंय तोवर कुणाचं काही अडत नाही, पण अनुदान वीजग्राहकाच्या नावाने असलेल्या खात्यातच जमा होतं.

वडील हयात आहेत आणि घर व बिल दोन्ही त्यांच्याच नावावर आहे, तर नाव बदलत बसू नका. अर्ज त्यांच्या नावाने करा, खातंही त्यांचंच द्या. कर्ज काढायचं असेल तरच मुलाला सोबत घेता येईल का, हे बँकेत विचारा. घर विकत घेतलेलं असेल तर आधी नावात बदल करून घ्या. त्यासाठी खरेदीखत किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), महापालिकेची घरपट्टीची पावती आणि ओळखपत्र लागतं. मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना हरकत जोडावी लागते. जुनी थकबाकी शिल्लक नको. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावरून होतो, पण सगळ्यात जास्त वेळ भावा-बहिणींच्या सह्यांना जातो. एक बहीण सुरतेला, एक भाऊ पुण्याला, अशी स्थिती असेल तर दिवाळीला सगळे जमतील तेव्हा कागद तयार ठेवा.

पात्रतेच्या अटी थोड्याच आहेत. अर्जदार भारतीय नागरिक हवा, घर आणि छत स्वतःचं हवं, घरगुती वीजजोडणी चालू हवी आणि त्या घरासाठी सोलरचं अनुदान आधी घेतलेलं नको. दुकानाच्या मीटरवर हे अनुदान नाही, त्यामुळे खाली दुकान आणि वर घर असेल तर घराचं मीटर वेगळं आहे ना, ते पाहा.

अनुदानाचा हिशेब सरळ आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्या किलोवॅटला 18,000. म्हणजे एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000, तीनला 78,000. त्यापुढे पाच बसवा की दहा, 78,000 च. महिना दीडशे युनिटपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॅट, दीडशे ते तीनशे असेल तर दोन ते तीन, असं सरकारी मार्गदर्शन आहे. वापर पाहताना एकट्या मे महिन्याचं बिल धरू नका. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, त्याची सरासरी काढा. एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट मिळतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

एक बारीक गोष्ट कोटेशनमध्ये सहज निसटते. अनुदान मोजताना पॅनल आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) यांपैकी ज्याची क्षमता कमी, ती धरली जाते. तीन किलोवॅटचे पॅनल आणि दोन किलोवॅटचा इन्व्हर्टर बसवला तर अनुदान दोनचंच, म्हणजे 18,000 रुपये हातचे गेले. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे, म्हणजे व्यवहारात ज्यांना डीसीआर म्हणतात तेच हवेत. ते थोडे महाग पडतात. कुणी फारच स्वस्तात सांगत असेल तर पॅनल डीसीआर आहेत का, हे कोटेशनवर लिहून मागा. नुसतं तोंडी ‘हो’ पुरत नाही, कारण पुढे प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर पोर्टलवर चढतो आणि तिथे खोटं टिकत नाही.

छत कसं आहे ते स्वतः वर जाऊन पाहा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविना जागा लागते. नाशिक वीस अक्षांशावर आहे, त्यामुळे पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि उतार वीस अंशांच्या आसपास असला की वर्षभर बरं उत्पादन मिळतं. पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या रो-हाऊसवर खरी अडचण पाण्याच्या टाकीची असते. जिन्याच्या खोलीवर टाकी, आणि दुपारी तीननंतर तिची सावली सरकत नेमकी मोकळ्या गच्चीवर येते. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी त्याच तारेत जोडलेल्या बाकीच्या पॅनलचं उत्पादन खाली येऊ शकतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा आणि विक्रेत्याला ते दाखवूनच मांडणी ठरवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा सावल्या आणखी लांबतात, तेही लक्षात घ्या.

आता अर्ज. पीएम सूर्यघरच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर देऊन नोंदणी करायची, राज्य महाराष्ट्र आणि वीज कंपनी महावितरण निवडायची, मग बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकायचा. नाव आपोआप येतं. ते चुकलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि आधी बिल दुरुस्त करून घ्या. पुढे ताज्या बिलाची प्रत जोडायची. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला 2024 मध्ये बदललेल्या नियमांनुसार वेगळ्या तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, अर्ज मंजूरच धरला जातो. मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला मान्य असलेले किलोवॅट, कमी असेल तर तो वाढवणं हेही वीज कंपनीचं काम आहे. मंजुरीनंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतून विक्रेता निवडायचा. यादीबाहेरच्या माणसाकडून काम केलं तर अनुदान मिळत नाही.

सोबत आधार, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक आणि घराच्या मालकीचा पुरावा तयार ठेवा. कर्ज घ्यायचं असेल तर पॅनही. तीन किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला राष्ट्रीयीकृत बँका काही तारण न घेता दोन लाखांपर्यंत कर्ज देतात आणि व्याज रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्या, थोडं वर असतं. हा दर साध्या वैयक्तिक कर्जापेक्षा बराच स्वस्त आहे, तेव्हा विक्रेत्याने पुढे केलेल्या हप्त्यांच्या योजनेवर सही करण्याआधी आपल्या बँकेत एकदा विचाराच.

काम सुरू होण्याआधी विक्रेत्याशी लेखी करार होतो. त्यात पाच वर्षांची देखभाल आहे का, ते वाचा. आणि हे नक्की विचारा: बॅटरी आहे की नाही? बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वीज गेली की बंद पडते, भर दुपारीही. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती तशी बनवलेली असते. पावसाळ्यात फीडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद पडल्यावर घरात दिवे राहतील, असं समजून पैसे भरणाऱ्यांची फार निराशा होते आणि ही गोष्ट विक्रीच्या वेळी क्वचितच मोकळेपणाने सांगितली जाते.

पॅनल बसल्यावर तपशील पोर्टलवर भरला जातो, महावितरणकडून तपासणी होते आणि नेट मीटर लागतं. त्यात घेतलेली आणि पाठवलेली वीज दोन्ही मोजली जाते. जादा युनिट पुढच्या बिलात वळते होतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी वेगळा मार्ग पाहावा. गच्ची सगळ्यांची असल्याने एकट्याच्या अर्जाला सोसायटीची ना हरकत लागते. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीने मिळून अर्ज केला तर किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. गंगापूर रोडवरच्या मोठ्या सोसायट्यांना माझ्या मते हाच मार्ग जास्त सोयीचा. सर्वसाधारण सभेचा ठराव मात्र हवा, तो इतिवृत्तात नीट लिहून घ्या.

यंत्रणा सुरू झाल्याचा अहवाल पोर्टलवर दिसू लागला की बँक तपशील भरायचा. अनुदान साधारण तीस दिवसांत थेट खात्यात येतं, विक्रेत्याच्या हातून नाही. ते मिळवून देतो म्हणून कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. महिना उलटूनही रक्कम दिसली नाही तर आधी खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि खात्यावरचं नाव तपासा. तिथे सगळं बरोबर असेल तर योजनेच्या 15555 वर आणि महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवा.