‘बहुधा साधी’ गाठ आणि सहा महिन्यांची मुदत

स्तनांच्या तपासणीच्या अहवालात शेवटी ‘बायरॅड्स ३’ अशी नोंद दिसली, की त्या आकड्याचा अर्थ कर्करोगाची तिसरी अवस्था असा लावून कोणी हादरून जाते, तर कोणी ‘काही नाही, साधी गाठ आहे’ एवढेच ऐकून कागद कपाटात ठेवून देते. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि माझ्या मते दुसरा अधिक घातक आहे, कारण या नोंदीचा सारा भरवसा पुढच्या तपासणीवर उभा असतो.

बायरॅड्स ही अहवाल लिहिण्याची पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज आपल्याकडचे रेडिओलॉजिस्टही तीच वापरतात. तिच्यात ० ते ६ असे वर्ग आहेत. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे हवीत. १ आणि २ म्हणजे काळजीचे कारण नाही. ४ आणि ५ म्हणजे सुईने तुकडा घेऊन तपासावा, म्हणजे बायोप्सी करावी. ६ म्हणजे कर्करोगाचे निदान आधीच झालेले आहे. तिसरा वर्ग ‘बहुधा साधी’ गाठ सांगतो, आणि या ‘बहुधा’ला नेमके माप आहे: कर्करोग निघण्याची शक्यता शून्याहून अधिक, परंतु २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

हा वर्ग डॉक्टरांनी अंदाजाने द्यायचा नसतो. तक्रार नसताना केलेल्या चाळणी तपासणीच्या पहिल्याच चित्रांवरून तो देऊ नये, आधी जादा मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) किंवा सोनोग्राफी करून पाहावे, असा नियम आहे. मॅमोग्राफीत मुख्यतः तीन गोष्टी त्यात बसतात: स्पष्ट कडांची, कॅल्शियम नसलेली भरीव गाठ, एका बाजूला दिसणारी, पण गाठीचा आकार नसलेली दाट जागा, आणि बारीक गोल कॅल्शियम कणांचा एकच पुंजका. सोनोग्राफीच्या पडद्यावर अशी गाठ लंबगोल दिसते, त्वचेला समांतर आडवी पसरलेली असते आणि तिची कड सगळीकडून सलग असते. तरुण स्त्रियांत ती बहुतेक वेळा फायब्रोअॅडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ असते. कड एका जागी जरी धूसर किंवा काटेरी वाटली, किंवा गाठ आडवी नसून उभी दिसली, तर ती या वर्गात राहत नाही.

थांबण्याला आधार काय, हा रास्त प्रश्न आहे. एडवर्ड सिकल्स या रेडिओलॉजिस्टनी १९९१ मध्ये अशा ३,१८४ नोंदींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांत १७ कर्करोग निघाले, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. आणि ते सतराही अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडले. त्यांतले १५ तर हाताला लागण्याआधीच, केवळ चित्रांतील बदलामुळे कळले. प्रत्येकीला सुई टोचली असती, तर बहुसंख्य स्त्रियांना विनाकारण त्रास झाला असता. मात्र थांबूनही निदान वेळेवर झाले, कारण या स्त्रियांची तपासणी पुन्हा झाली. म्हणूनच पहिली फेरतपासणी ६ महिन्यांनी, मग १२ आणि २४ महिन्यांनी होते. १२ मिलिमीटरची गाठ सहा महिन्यांत १५ मिलिमीटर झाली, तर ती वाढ २५ टक्के ठरते. सहा महिन्यांत कोणत्याही एका मापात २० टक्क्यांहून अधिक वाढ दिसली, तर वाट पाहणे थांबवून बायोप्सी सुचवली जाते.

आपल्या बेळगाव सीमाभागात नेमकी ही सहा महिन्यांची तारीख अडचणीची ठरते. तपासणी एप्रिल-मेमध्ये झाली, तर पुढची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, आणि तेव्हा खानापूरकडे भातकापणी आणि चिकोडी-निपाणीकडे ऊसतोड सुरू असते. दुखत नाही, वाढलेली वाटत नाही, मग सुगी आटोपल्यावर जाऊ, असे बाई म्हणते आणि घरचेही तिला दुजोरा देतात. आठवडा-पंधरवडा पुढेमागे झाल्याने बिघडत नाही. वर्ष गेले, तर या वर्गामागचा सारा हिशेबच मोडतो.

दुसरी अडचण सीमेची आहे. निपाणीच्या बाईला कोल्हापूर जवळ पडते, खानापूरच्या बाईला बेळगाव. पहिली तपासणी एका गावात आणि दुसरी दुसऱ्या राज्यात, असे सहज घडते. नव्या ठिकाणी जुन्या फिल्म नसतील, तर डॉक्टरांसमोर पुन्हा पहिल्यासारखीच एक गाठ असते आणि तुलना करायला काही नसते. उलट, तीच गाठ दोन-तीन वर्षांपूर्वीच्या चित्रांत तशीच दिसली, तर तिला त्याच दिवशी वर्ग २ मध्ये टाकता येते. जुन्या चित्रांत नसलेली किंवा वाढलेली गाठ मात्र ‘बहुधा साधी’ म्हणून सोडता येत नाही. तेव्हा केवळ टाइप केलेला अहवाल पुरेसा नाही. फिल्म किंवा सीडी मागून घ्यावी आणि प्रत्येक वेळी सोबत न्यावी.

एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यायला हवी. तिसऱ्या वर्गाचा मूळ अभ्यास प्रामुख्याने कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांच्या मॅमोग्राफीवर झाला, तर आपल्याकडे पुष्कळ स्त्रिया गाठ हाताला लागल्यावरच येतात. तरुण वयात, नमुनेदार फायब्रोअॅडिनोमा दिसत असेल तर त्यांच्याबाबतही थांबता येते. वय वाढलेले असेल, गाठ नव्यानेच लागली असेल, तर डॉक्टर अधिक सावध राहतात. स्तनाग्रातून रक्त येऊ लागले, त्वचा आत ओढली गेली किंवा काखेत गाठ लागली, तर कागदावरच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवावे.